रस्ता हलतो तेव्हा

कर्ज मागायला आलेला माणूस आधी जागेबद्दल बोलतो. "मॅडम, जागा एकदम मोक्याची आहे," हे वाक्य मी नोकरीत जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. मावळातल्या एका नागरी सहकारी बँकेत 1996 साली मी कर्ज विभागात रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच पट्ट्यात राहिले. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा आणि काही वर्षं घाटाखाली खोपोलीला. आमचे कर्जदार म्हणजे चहा-वड्याची हॉटेलं, किराणा, मेडिकल, टायर-पंक्चर, पिठाच्या गिरण्या, खानावळी. मोठा कारखाना बंद पडला की वर्तमानपत्रात बातमी येते. यांचं शटर कायमचं खाली आलं तर त्याची नोंद होते फक्त बँकेच्या थकबाकीच्या यादीत. ती यादी मी वर्षानुवर्षं बनवली, म्हणून हे लिहिते आहे.

बाजारात दोन मतं असतात. धंदा जागेवर चालतो म्हणणारे एक आणि धंदा माणसावर चालतो म्हणणारे दुसरे. दोघांकडेही आपापली उदाहरणं तयार असतात. पण जागा म्हणजे सातबाऱ्यावरची किंवा करारावरची चार भिंतींची गोष्ट आहे, असं दोघंही धरून चालतात. मला दिसलं ते असं की दुकान होतं तिथेच राहतं आणि त्याची जागा मात्र निघून जाते. रस्ता वळतो, स्टँड हलतो, फाटक बंद होतं, कारखान्याचं गेट दुसऱ्या बाजूला उघडतं. ते वेळेत ओळखणं आणि ओळखल्यावर हलायला हाताशी पैसा असणं, छोट्या धंद्याच्या व्यवस्थापनातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या मते हीच.

मी रुजू झाले तेव्हा मुंबई-पुणे म्हणजे जुना रस्ता, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4. फियाट आणि अँबॅसिडर गाड्या बोरघाट चढून आल्या की बॉनेट उघडून उभ्या राहायच्या. रेडिएटर थंड होईपर्यंत माणसं उतरायची, चहा घ्यायची, वडा खायची, मुलांना चिक्की घेऊन द्यायची. खंडाळ्याच्या हॉटेलांचा बराचसा धंदा या गाड्या तापण्यावर उभा होता. रस्त्याची बाजूसुद्धा बघावी लागे. पुण्याहून पहाटे निघालेल्याचा पहिला चहा कामशेतच्या आसपास व्हायचा, तो त्याच्या डाव्या हाताला. समोरच्या बाजूच्या हॉटेलाला त्या वेळी गिऱ्हाईक नसायचं, त्याची वेळ संध्याकाळी, मुंबईच्या गाड्या पुण्याकडे येताना. चिक्कीचं गणित आणखी वेगळं. जाताना ती फारसं कोणी घेत नाही, घरी परतताना घेतात. त्यामुळे कर्ज देण्याआधीची पाहणी मी कधीही सकाळी अकराला करत नसे. ज्या धंद्याची जी वेळ, त्या वेळी जाऊन बाकावर बसायचं आणि बघत राहायचं, हीच खरी पाहणी. अकरा वाजता सगळीच हॉटेलं सारखी दिसतात.

मग द्रुतगती मार्ग आला. 2000 साली त्याचे पहिले टप्पे सुरू झाले आणि 2002 मध्ये कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा सुमारे 94 किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. त्यावर दुचाकींना आणि रिक्षांना मनाई, आणि थांबायचं तर ठरलेल्या फूड मॉलवर. मोटारी आणि बस तिकडे गेल्या. जुन्या रस्त्यावर राहिल्या दुचाकी, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्या आणि टोल वाचवणारे काही ट्रक.

लोणावळ्याला त्याचा फारसा फटका बसला नाही, कारण लोणावळ्याला लोक मुद्दाम जातात. फटका बसला तो वाटेवरच्यांना. कामशेत, कार्ला फाटा, वडगाव या टप्प्यातली हॉटेलं कोणाच्याही प्रवासाचं ठिकाण नव्हती, ती वाटेत लागायची म्हणून चालायची. कर्जाच्या अर्जावर दोघांचाही पत्ता 'महामार्गालगत' असाच असायचा. थांब्यावर चालणारा धंदा आणि मुक्कामावर चालणारा धंदा यांतला फरक आमच्या छापील अर्जात कुठे विचारलेलाच नव्हता.

या टप्प्यात शेजारी शेजारी दोन हॉटेलं होती, दोन्ही आमचीच कर्जदार. एक मोठं, पुढे गाड्या लावायला ऐसपैस पटांगण, फॅमिली रूम, लांबून दिसणारी पाटी. दुसरं पत्र्याच्या शेडमधलं, नवरा-बायको आणि दोन पोरं कामाला. त्या बाईंना सगळा रस्ता वहिनी म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले.

वहिनी एक डायरी लिहायच्या. औषध कंपनीने कुठल्याशा डॉक्टरला दिलेली आणि त्याच्याकडून यांच्याकडे आलेली. तिच्यात रोज एकच ओळ. दूध किती लिटर, पाव किती लादी, बटाटा किती किलो, गॅसची टाकी लावली असेल तर तिची तारीख, आणि शेवटी गल्ला. मी त्यांना एकदा विचारलं, गल्ला लिहिता ते ठीक, पण दूध कशाला? त्या म्हणाल्या, "मॅडम, चहाचा भाव वाढवला की गल्ला फुगतो. दूध फुगत नाही. किती माणसं येऊन गेली ते दुधावरनं कळतं."

मोटारी वळायला लागल्या त्या सुमारास ही डायरी घेऊन त्या बँकेत आल्या. आदल्या वर्षी त्याच महिन्यात रोज 40 लिटरच्या आसपास असलेलं दूध 31 वर आलं होतं. गल्ल्यात तेवढी घट दिसत नव्हती, कारण मधल्या काळात चहा आणि वडा दोन्ही महाग झाले होते आणि शनिवार-रविवारची गर्दी अजून टिकून होती. त्यांनी मागणी केली ती ऐकून आमचे शाखाधिकारी माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना कॅश क्रेडिटची मर्यादा कमी करून हवी होती. "माल तेवढा लागत नाही आता. लिमिट शिल्लक दिसलं की घरातला खर्च त्यातून होतो. निम्मं करून टाका." मर्यादा वाढवून मागणारे रोजच येतात. कमी करा म्हणणारं माणूस माझ्या सगळ्या नोकरीत विरळाच.

त्याच सुमारास शेजारच्या मोठ्या हॉटेलाचा अर्ज आला, मर्यादा वाढवून मिळण्यासाठी. वर एक हॉल बांधायचा होता. मालक कष्टाळू होते, दारूचं व्यसन नाही, जुगार नाही, पहाटे चारला भट्टी पेटवणारा माणूस. पण त्यांचा गल्ला हा एकच डबा होता. त्यातून दूधवाल्याला पैसे जायचे, त्यातूनच दोघा भावांच्या घरचा किराणा, शेतातली मजुरी, भाचीच्या लग्नाचा आहेर. महिन्याला हॉटेल किती कमावतं हे त्यांना सांगता येत नव्हतं, कारण हॉटेलचा पगार म्हणून स्वतःला त्यांनी कधी काही ठरवून घेतलंच नव्हतं. गर्दी दिसते आहे तोवर धंदा आहे, ही त्यांची पारख. आणि गर्दी शनिवारी दिसतच होती.

हॉल झाला. दोन वर्षांत खातं थकलं, मग सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला, जप्तीची नोटीस. सगळ्यात वाईट झालं ते जामीनदाराचं. ते एका शाळेत शिक्षक होते, हॉटेलमालकाचे बालमित्र. त्यांच्या पगारातून दरमहा कपात सुरू झाली. ते बँकेत येऊन कधी रागावले नाहीत. पावती घ्यायचे, नीट घडी घालायचे आणि जायचे. एका माणसाच्या गल्ल्याची दुसऱ्या माणसाच्या घरात जाऊन बसलेली किंमत मी अशी समोर पाहिली आहे. म्हणूनच 'घरगुती धंदा आहे, हिशेब कशाला' असं कोणी म्हटलं की मला ते सहन होत नाही.

हिशेब म्हणजे काही मोठी विद्या नाही. आमच्या बँकेत रोजची ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट असायचे. कोणत्या दुकानाचं काय चाललं आहे हे त्यांना आमच्या सहा महिने आधी कळायचं. रोज 200 रुपये देणारा दुकानदार 100 वर आला, मग एक दिवसाआड द्यायला लागला, मग 'उद्या या' म्हणायला लागला की एजंट येऊन मला हळूच सांगायचे, "मॅडम, त्या खात्याकडं जरा बघा." बँकेच्या नियमाप्रमाणे खातं 90 दिवस थकल्यावर अनुत्पादक ठरतं. पिग्मीच्या वहीत ते त्याच्या कितीतरी आधी आजारी पडलेलं असतं. दुकानदाराने स्वतःचाच पिग्मी एजंट व्हावं, एवढीच अपेक्षा आहे.

वहिनींनी हॉटेल बंद केलं ते तोट्यात जाण्याआधी. शेड विकलं, भांडी ठेवली, आणि तळेगाव स्टेशनच्या बाजूला एक गाळा बघून खानावळ आणि डबे सुरू करायचं ठरवलं. तेव्हा त्यांच्याबरोबर जागा बघायला मीही गेले होते. दोन गाळे होते. एक भर रस्त्यावर, एक आतल्या गल्लीत. माणसांची ये-जा पाहिली तर पहिलाच घ्यावा असा. वहिनींनी तिथेच उभं राहून हिशेब मांडला. खाण्याच्या धंद्यात महिन्याचं भाडं तीन दिवसांच्या गल्ल्यातून निघालं पाहिजे, हा जुन्या हॉटेलवाल्यांचा ठोकताळा. रस्त्यावरच्या गाळ्याला सहा दिवस लागले असते. आणि डबे घेणारा माणूस पाटी बघून येत नाही, तो कोणाच्यातरी सांगण्यावरून येतो. मग पाटीचं भाडं कशाला भरायचं? त्यांनी गल्लीतला गाळा घेतला. मोक्याची जागा प्रत्येक धंद्याची वेगळी असते. मेडिकलला दवाखान्याच्या शेजारची, पंक्चरवाल्याला पेट्रोल पंपाजवळची, आणि डबेवालीला स्वस्तातली, पाण्याची सोय असलेली.

गाळा घेताना दुसरी गोष्ट त्यांनी केली ती पाच वर्षांच्या नोंदणीकृत कराराची. मालक अकरा महिन्यांच्या कागदावर राजी होता. अकरा महिन्यांच्या भरवशावर लोक चार-चार लाखांचं फर्निचर करतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. धंदा जमला की मालक भाडं दीडपट करतो, आणि फर्निचर काही उचलून नेता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. तरीही शंभरच्या स्टँपवर नोटरी केलेले कागद कर्जाच्या फाइलला लावून लोक येत राहायचे.

तळेगावात पुढे दिवस बदलले. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला, आसपास आणखी उद्योग आले. भाड्याच्या खोल्या, खानावळी, मोबाईल रिचार्जची दुकानं, इस्त्रीवाले, सगळ्यांना भरभराट. एका गेटवर जगणारी दुकानं उभी राहायला लागली. वहिनींकडे एकाच कारखान्याचे डबे एक तृतीयांशाच्या वर कधी गेले नाहीत. ठेकेदार येऊन दीडशे डब्यांची एकगठ्ठा बोली करून गेला, पण पैसे साठ दिवसांनी. त्यांनी नको म्हटलं. ठेकेदाराची माणसं एका रात्रीत दुसऱ्या साइटवर जातात आणि मागे वहीतली उधारी राहते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा नियम साधा होता. एक तारखेला निम्मे पैसे, दहा तारखेच्या आत उरलेले, नाहीतर अकराव्या दिवशी डबा बंद. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून कोणाला राग नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जनरल मोटर्सचं तळेगावचं उत्पादन थांबलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण मधल्या काळात भाडं थांबत नाही आणि हप्ताही. गेटसमोरची बरीच दुकानं त्या दीड-दोन वर्षांत गेली. वहिनींची खानावळ लहान झाली, पण चालू राहिली. त्यांच्याकडे सहा महिन्यांचं भाडं आणि पगार भागेल एवढी मुदत ठेव होती, आमच्याच बँकेत. रस्ता गेला तेव्हापासून त्यांनी ती मोडली नव्हती.

पण हे सगळं वाचून 'हिशेब चोख ठेवला की कोणी बुडत नाही' असा समज कोणाचा होऊ नये. माझ्याच फायलींत याच्या उलट उदाहरण आहे. रेल्वे फाटकापाशी एक किराणा दुकान होतं. फाटक पडलं की दहा-पंधरा मिनिटं माणसं उभी राहायची, तेवढ्यात कोणी बिस्किटं घ्यायचं, कोणी साबण. दुकानदार काकांची रोजकीर्द, खतावणी, मालाचं मासिक पत्रक, सगळं वेळच्या वेळी. उधारी मोजकी, वजनात कधी फरक नाही. आम्ही नव्या कर्मचाऱ्यांना त्यांचं खातं नमुना म्हणून दाखवायचो. मग तिथे उड्डाणपूल मंजूर झाला. पुलाचं काम सुरू असताना समोर पत्रे लागले, पूल झाल्यावर रहदारी दुकानाच्या डोक्यावरून गेली आणि दुकान पुलाच्या भिंतीआड राहिलं. काकांनी घरपोच माल दिला, दळण सुरू केलं, सकाळी दूध ठेवलं. विक्री परत आली नाही. दीड वर्षाने त्यांनी दुकान बंद केलं.

फरक एवढाच की त्यांनी ते बंद केलं तेव्हा कोणाचं देणं नव्हतं. वितरकांची बिलं चुकती, आमचं खातं निरंक, नोकराला तीन महिन्यांचा पगार. चोख व्यवहार धंदा वाचवेलच असं नाही. धंदा मेला तरी घर आणि जामीनदार वाचतात. हे थोडं वाटत असेल, तर त्या शिक्षकांच्या पगाराची पावती आठवा.

यातला अन्याय मला नोकरीभर खुपत राहिला. रस्त्यासाठी किंवा पुलासाठी ज्याची जमीन घेतली जाते त्याला 2013 च्या भूसंपादन कायद्याने मोबदला मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण ज्याची जमीन घेतली नाही, फक्त रहदारी काढून घेतली, त्याचं नुकसान कुठल्याच तक्त्यात बसत नाही. काका भाडेकरू होते. त्यांची एक इंच जागा गेली नाही, त्यामुळे सरकारच्या लेखी त्यांचं काहीच गेलं नव्हतं. मेट्रोच्या कामासाठी पुण्यातला शिवाजीनगरचा एसटी स्टँड 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला. स्टँडवरच्या प्रवाशांवर जगणाऱ्या आसपासच्या टपऱ्या आणि लॉज यांची गोष्ट हीच. प्रकल्प हवेत, रस्ते हवेत. द्रुतगती मार्गाने प्रवासाचा वेळ वाचवला हे मी जाणते, मीही त्याच रस्त्याने जाते. पण नव्या महामार्गावर थांबे उभारताना जुन्या रस्त्यावर वर्षानुवर्षं धंदा केलेल्यांसाठी काही गाळे परवडणाऱ्या भाड्याने राखून ठेवणं अशक्य नाही. मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने निविदा भरायला वहिनींसारख्यांना सांगणं म्हणजे नाही म्हणणंच झालं.

आता बँकांनी काय करावं ते. 2015 पासून मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळायला लागलं. तारण नसेल तर धंदा वाचता आला पाहिजे, आणि धंदा वाचायला अर्जदाराच्या गल्लीत जावं लागतं. फायलीवरून ते होत नाही. तरुण अधिकाऱ्यांना दिवसाला इतकी प्रकरणं निकाली काढायची उद्दिष्टं दिलेली असताना ते बाकावर जाऊन कधी बसणार?

आणि जे स्वतःचं दुकान टाकायच्या विचारात आहेत, निवृत्तीचे किंवा ग्रॅच्युइटीचे पैसे त्यात घालणार आहेत, त्यांच्यासाठी. काकांच्या उड्डाणपुलाची रेघ विकास आराखड्यात आधीपासून होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली हे आराखडे तयार होतात, मसुदा जाहीर झाला की त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि मंजूर आराखडा कोणालाही बघता येतो. नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात जा, सर्व्हे नंबर सांगा, ठरलेली फी भरून भाग नकाशा मागा. प्रस्तावित रस्ता, पूल, रुंदीकरण, आरक्षण, सगळं त्यावर रंगांत दाखवलेलं असतं. गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी एवढं करा. मालक नकाशा दाखवायला टाळाटाळ करत असेल किंवा घाई करत असेल, तर तो गाळा घेऊ नका.